जाळी

भुसावळला उतरले तेव्हा पाठीवर तीच बॅग होती,
सेव्हिलच्या फलाटावर जिची चेन तुटली.
पुलावर हमाल म्हणाला, एवढं काय आणलं ताई?
म्हटलं, धुवायचे कपडे.

एकवीस दिवस, रेल्वेचा एकच पास,
खिडकीत जैतुनाची झाडं, ओळीनं,
रावेरच्या बाजूला केळी दिसतात तशी,
फक्त पाण्यासाठी कोणाच्या मागे न लागणारी.

तिथे गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद होतं.
धावत येणाऱ्याला डब्यातून कोणी हात देत नाही.
कोर्दोबात मी धावत आले.
काचेपलीकडे गाडी हलली, आवाजसुद्धा न करता,
आणि लोको शेडच्या फिटरची पोरगी मी,
गाडी चुकली म्हणून घरी फोन केला नाही.

मावशी अमळनेरहून मुद्दाम आली ऐकायला.
"तठे भाकरी भेटस का वं?"
नाही. पण वांगी भाजतात, मावशी,
साल काळी पडेपर्यंत, निखाऱ्यावर,
मग सोलून लांब पट्ट्या करतात, वर तेल.
बडगी नाही, ठेचणं नाही, कांद्याची पात नाही,
आणि सोबतची मिरची गोड.
"मिरची गोड?"
मावशीनं आईकडे पाहिलं,
कोणीतरी गेल्याचा निरोप आल्यासारखं.

बाबांनी फक्त मोबाईल मागितला.
चर्च, राजवाडे, कारंजी, संत्र्यांची झाडं भर रस्त्यात,
सगळं अंगठ्यानं ढकलत गेले.
"मैदान कुठंय?"

मोठ्या स्टेडियमचं तिकीट परवडलं नव्हतं.
बाहेरून एक फेरी मारली, भिंतीला हात लावला, आले.
पण एका बारक्या गावी गाडी बदलायची होती, चार तास,
स्टेशनच्या मागे सामना चालला होता.
प्रेक्षक साठ-सत्तर. दोन कुत्री.
गोलकीपर पोट सुटलेला, स्वतःशीच बडबडणारा.
त्याचा फोटो होता.
बाबांनी दोन बोटांनी मोठा केला,
गोलकीपर बाजूला सरकवला,
त्याच्या मागचं बघत राहिले.
"जाळी आहे," म्हणाले. "एवढ्याशा गावाला."

आई उठून आत गेली.
आमच्या घरात जाळी हा शब्द जपून वापरतात.

एकोणऐंशीची फायनल, समोर खंडवा,
गोलपोस्टला जाळी नव्हती.
कोणी म्हणे मासे धरायला तापीवर नेली,
कोणी म्हणे कोंबड्या झाकायला.
बॉल डाव्या खांबाजवळून गेला, शिट्टी वाजली,
सुपडूकाकानं रेफरीची कॉलर धरली
आणि वर्षभर बाहेर बसला.
तेव्हापासून शेडच्या गेटवर, हळदीत, दहाव्याला,
मोतीराम भिरूड सांगत आले: बॉल बाहेरून गेला.
आम्ही भावंडं त्यावर शपथा घेत वाढलो.
चौथीत मी खंडव्याच्या एका पोरीचे केस ओढले होते.

रात्री पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत झालं, कळण्याच्या पुऱ्या झाल्या.
हात धुऊन बाबा म्हणाले, चल.

ग्राउंडच्या अर्ध्यात आता गोदाम आहे.
डावा खांब उभा आहे, त्याला कोणाची तरी दोरी,
दोरीवर टॉवेल.
गुडघा धरत ते खांबापाशी जाऊन उभे राहिले.
मेन लाईनवरून मालगाडी निघाली, कोळशाची,
बोलायची सोय नव्हती.
डबे मोजायची सवय दोघांनाही. मी छप्पन्न मोजले.
शेवटचा लाल दिवा गेला तेव्हा
त्यांनी खांबाच्या आतल्या बाजूला पाय टेकवला.

"इथून," म्हणाले. "आत होता."

मी काही बोलले नाही.
"सुपडूला सांगायचं राहून गेलं."
टॉवेल वाळला होता. त्यांनी तो उगाच नीट केला.

म्हटलं, बाबा, कोर्दोबात माझी गाडी चुकली होती.
"किती मिनिटांनी?"
एका.
"हं."

परत येताना, पुलाच्या पायऱ्यांवर दम खात, विचारलं,
"त्या ढेरीवाल्यानं किती खाल्ले?"
चार.
"चार," बाबा म्हणाले, आणि हसू लागले,
"आणि मागे जाळी!"